गाभोळी भरते, पण सुटत नाही
मत्स्यपालन : वाचकांचे प्रश्न

पावसाळा तोंडावर आला की आमच्याकडे माशांना अंडी टाकायला लावणाऱ्या इंजेक्शनांची पत्रे सुरू होतात. या वेळी त्यांच्या जोडीला चिलापीचे (तिलापियाचे) खाद्य, वाढीच्या 'टॉनिक'च्या बाटल्या आणि जिताड्याचे बीज (पिल्ले) यांचीही विचारणा आहे. विषय एकच, संप्रेरके म्हणजे हार्मोन्स. म्हणून हा अंक त्यांनाच देत आहोत.

प्रश्न (सिन्नर, जि. नाशिक) : प्लास्टिक कागदाच्या शेततळ्यात आमचे दोन-अडीच वर्षांचे रोहू आणि कटला आहेत. जूनमध्ये कापलेल्या मादीत गाभोळी गच्च भरलेली असते, पण तळ्यात त्यांचे एकही पिल्लू दिसत नाही. सायप्रिनस (कॉमन कार्प) मात्र त्याच पाण्यात न सांगता पिल्ले देतो. असे का?

उत्तर : रोहू, कटला, मृगळ ही मुळात नदीची माणसे. त्यांच्या मादीत अंडी तयार होण्याचे दोन टप्पे आहेत आणि तुमच्या तळ्यात त्यातला पहिलाच पुरा होतो.

पहिला टप्पा फेब्रुवारी-मार्चला सुरू होतो. दिवस मोठा होतो, पाणी तापू लागते, त्याची खबर मेंदू खालच्या पीयूषिका (पिट्यूटरी) ग्रंथीला देतो आणि ती आपल्या संप्रेरकांतून गाभोळीला कामाला लावते. गाभोळीतून इस्ट्रोजेन निघते, ते यकृताला पोहोचते, यकृत बलकाचे प्रथिन बनवून रक्तात सोडते आणि ते अंड्यांत साठत जाते. हे तीन-चार महिने चालते. पोटाला खाद्य मिळत असेल तर ते शेततळ्यातही बिनबोभाट होते.

दुसरा टप्पा काही तासांचा. पीयूषिकेतून एका विशिष्ट संप्रेरकाची मोठी लाट यावी लागते. तिने अंडी शेवटची पिकतात आणि कोशातून मोकळी होतात. कार्प कुळातल्या, म्हणजे रोहू-कटल्याच्या जातकुळीतल्या, माशांत या लाटेला ब्रेक लावून ठेवलेला असतो, तो डोपामिन या रसायनाचा. नदीला पूर आला, गढूळ थंड पाणी वाहू लागले, काठची गवताळ जमीन उथळ पाण्याखाली गेली की हा ब्रेक सुटतो. साठवलेल्या पाण्यात असला कोणताच निरोप माशाला मिळत नाही. गाभोळी भरलेली राहते आणि पावसाळा सरता सरता शरीर ती परत शोषून घेते. पश्चिम बंगालात बांकुडा-मेदिनीपूर भागात उतारावर बांध घालून पावसाचे वाहते पाणी अडवतात आणि त्यात कार्पची पैदास करतात. त्यात माशाला हाच पुराचा भास दिला जातो.

सायप्रिनसला पूर लागत नाही. साठलेले पाणी आणि चिकट अंडी चिकटवायला पाणवनस्पती, दोरी किंवा कागदाची सुरकुती एवढे त्याला पुरते. शिवाय तो लवकर वयात येतो. तळ्यात गर्दी नको असेल तर काठाची पाणवेल काढून टाका आणि पोट सुटलेल्या माद्या आधी विकायला काढा.

प्रश्न (मोहाडी, जि. भंडारा) : आमच्या संस्थेने गेल्या जुलैत रोहूच्या सहा जोड्यांना ओव्हाप्रिमचे इंजेक्शन दिले. दोन माद्यांनी अंडी टाकली, त्यातलीही बरीचशी पांढरी पडली. आणखी दोघींचे पोट फुगून त्या मेल्या. उरलेल्या दोघींना काहीच झाले नाही. औषध बनावट होते का?

उत्तर : औषधावर संशय शेवटी घ्यावा. एकाच बाटलीने तीन प्रकारचे निकाल दिले, म्हणजे फरक माशांत किंवा हातात आहे.

या औषधाच्या एका मिलीत २० मायक्रोग्रॅम सालमन माशाच्या जीएनआरएच संप्रेरकाचे कृत्रिम रूप आणि १० मिलीग्रॅम डोम्पेरिडोन असते. पहिले पीयूषिकेला 'सोड' म्हणते, दुसरे डोपामिनचा ब्रेक काढते. दोन्ही मिळून माशाच्या स्वतःच्या पीयूषिकेकडून काम करून घेतात. अंड्यात बलक भरणे मात्र या औषधाच्या हातात नाही. जी गाभोळी आधीच तयार आहे तीच ते सोडवते. ज्या दोघींना काहीच झाले नाही, त्या बहुधा कच्च्या होत्या किंवा त्यांचा हंगाम उलटून गेला होता.

म्हणून निवड महत्त्वाची. मादीचे पोट मऊ आणि गोल हवे, गुदद्वार फुगीर आणि गुलाबी. मादी उताणी धरल्यावर पोट दोन्ही बाजूंना ढळले पाहिजे. घट्ट, टणक पोट म्हणजे कच्ची गाभोळी किंवा नुसते भरपेट खाल्लेले खाद्य, म्हणून निवडीच्या आदल्या दिवशी खाद्य बंद ठेवा. नराच्या छातीजवळच्या पराची आतली बाजू बोटाला खरखरीत लागते आणि पोट हलके दाबले की दुधासारखे रेत येते. पाणचट रेताचा नर घेऊ नका. रोहू, मृगळ दोन वर्षांपुढचे आणि कटला तीन वर्षांपुढचा असावा.

मात्रा किलोवर ठरते, अंदाजावर नाही. मादीला किलोमागे रोहूसाठी ०.३ ते ०.४ मिली, मृगळला ०.२५ ते ०.३, कटल्याला ०.४ ते ०.५. नराला ०.१ ते ०.२. नर-मादीला एकाच वेळी, एकदाच. तीन किलोच्या रोहू मादीला ०.३५ च्या हिशेबाने १.०५ मिली होते. एवढे एका जागी टोचले तर बाहेर गळते, दोन बाजूंना अर्धे अर्धे द्या. बारीक सुई खवल्याखाली सरकवून ४५ अंशाच्या कोनात, शेपटीच्या देठाच्या वरच्या मांसल भागात घाला. औषध गेल्यावर सुई लगेच ओढू नका, चार-पाच आकडे मोजा आणि जागा अंगठ्याने चोळा. अर्धवट काम झालेल्या माद्यांच्या मागे हे गळणेच जास्त वेळा असते.

पोट फुगून मेलेल्या दोघी वेगळे सांगतात. मात्रा जास्त झाली किंवा मादी पूर्ण पिकलेली नसली की अंडी एकदम पाणी शोषतात, फुगतात आणि वाट तुंबते. हॅचरीवाले (बीज पैदा करणारे) याला 'प्लग बसला' म्हणतात. ज्या मादीबद्दल मन साशंक आहे तिला जास्त मात्रा देऊन 'करूनच घेऊ' ही सवय सोडा. ती परत तळ्यात सोडावी आणि दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा पाहावी.

पांढरी अंडी म्हणजे फलन न झालेली. फलित अंडे काचेसारखे पारदर्शक असते. याला कारणे तीन : नर कमी किंवा कच्चे, पाणी जास्त तापलेले, किंवा मादीच्या पोटात अंडी सुटूनही उशिरा बाहेर पडलेली. कोशातून सुटलेले अंडे काही तासांतच शिळे होते. हाप्यात (पाण्यात बांधलेल्या जाळीच्या पेटीत) एका मादीला दोन नर द्या किंवा नरांचे एकूण वजन मादीच्या बरोबरीचे ठेवा. पाणी २७ ते २९ अंश सेल्सिअस उत्तम. ३१ च्या वर गेले की अंडी वाया जाण्याचे आणि वाकडी पिल्ले निघण्याचे प्रमाण वाढते. म्हणूनच संध्याकाळी सहाच्या सुमारास टोचून ठेवतात. ८ ते १२ तासांनी, पहाटेच्या गारव्यात, मासे अंडी टाकतात. ढगाळ, पाऊस पडून गेलेला दिवस मिळाला तर सोडू नका. २८ अंशाला १४ ते १८ तासांत पिल्ले बाहेर येतात आणि तीन दिवस पोटाखालच्या बलकावर जगतात. त्या तीन दिवसांत खाद्य टाकले तर फक्त पाणी बिघडते.

आणि एक. हंगामाची तयारी जूनमध्ये होत नसते. फेब्रुवारीपासून नर-मादी वेगवेगळ्या तळ्यांत, हेक्टरी दीड-दोन टनांपेक्षा जास्त गर्दी न करता, शेंगदाणा पेंड-कोंड्यात मासळीची भुकटी आणि खनिज मिश्रण घालून, २५ ते ३० टक्के प्रथिनांचे खाद्य रोज वजनाच्या दोन-तीन टक्के द्यायला हवे. यकृताने जे बलक भरायचे ते यातूनच येते.

प्रश्न (गोंदिया) : जुने लोक माशाच्या डोक्यातली ग्रंथी काढून टोचत. औषधाची बाटली महाग पडते. ग्रंथीवर परत जाता येईल का?

उत्तर : येईल, हात बसलेला असेल तर. ओडिशात अंगुल येथे १० जुलै १९५७ रोजी हिरालाल चौधरी आणि के. एच. अलिकुन्ही यांनी भारतीय कार्पची पहिली यशस्वी प्रेरित पैदास याच रीतीने केली. तोवर देशभर बीज नद्यांतून गाळून आणावे लागे आणि त्यात नको त्या जातींची पिल्लेही येत. १० जुलै हा मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळतात तो त्याच कारणाने.

ग्रंथी पिकलेल्या माशाची हवी. मे ते जुलैत बाजारात येणाऱ्या, नुकत्याच मेलेल्या किंवा बर्फात काही तासच ठेवलेल्या रोहू, मृगळ, सायप्रिनसची. कवटी वरून कापून मेंदू हलकेच उचलला की खालच्या खोबणीत पातळ पडद्याखाली दुधी पांढरा दाणा दिसतो. तो फुटू न देता काढायचा. फुटलेली ग्रंथी टाकून द्या, तिच्यातले संप्रेरक सांडलेले असते. शुद्ध अल्कोहोलमध्ये बुडवा, २४ तासांनी अल्कोहोल बदला, गडद बाटलीत घट्ट बंद करून फ्रीजमध्ये ठेवा.

टोचायच्या वेळी ग्रंथी टिपकागदावर सुकवून वजन करा आणि ०.३ टक्के मिठाच्या पाण्यात खलून गाळ खाली बसवा. वरचे स्वच्छ पाणी तेवढे टोचायचे. मादीला पहिली मात्रा किलोमागे २ ते ३ मिलीग्रॅम, सहा तासांनी दुसरी ५ ते ८ मिलीग्रॅम. नराला एकच, २ ते ३ मिलीग्रॅम, मादीच्या दुसऱ्या मात्रेच्या वेळी.

तोटा असा की कोणत्या ग्रंथीत किती जोर आहे हे वजनावरून कळत नाही, आणि दोनदा टोचायचे म्हणजे मासा दोनदा हाताळायचा. पाच-दहा जोड्यांसाठी आम्ही तरी बाटलीच घेऊ. मासळीबाजाराशी रोजचा संबंध असलेल्या संस्थेचा हिशेब वेगळा असू शकतो.

प्रश्न (इंदापूर, जि. पुणे) : चिलापीचे बीज हार्मोन खाऊ घालून नर केलेले असते असे ऐकले. तो मासा खाणे सुरक्षित आहे का? आणि हे खाद्य घरी बनवून आपणच बीज तयार करता येईल का?

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी : करू नका. चिलापीची शेती आपल्याकडे परवान्यावरच चालते. बीज मान्यताप्राप्त केंद्राचेच घ्यावे लागते आणि तळ्याचे पाणी नदी-नाल्यात जाणार नाही याची व्यवस्था दाखवावी लागते. मोझांबिक चिलापी १९५२ मध्ये देशात आली आणि जिथे शिरली तिथे तिने जलाशय भरून टाकले, ही त्यामागची धास्ती.

नर करण्याचे कारण साधे आहे. चिलापीची मादी तीन-चार महिन्यांत वयात येते, अंडी तोंडात घेऊन उबवते आणि त्या दहा-बारा दिवसांत जवळजवळ खात नाही. पिल्ले सोडली की महिन्याभरात पुन्हा तेच. तिची वाढ खुंटते आणि तळे बोटभर पिल्लांनी भरते. नर तेवढ्या काळात सरळ वाढत जातो.

अंड्यातून बाहेर आलेल्या पिल्लाचे लिंग जनुकांनी ठरवलेले असले तरी वृषण की गाभोळी हे ठरायला काही आठवडे जातात. मादी होणाऱ्या पिल्लात अरोमाटेज नावाचे विकर (एन्झाइम) इस्ट्रोजेन बनवू लागते आणि त्याने गाभोळी घडते. त्या काळात बाहेरून नरसंप्रेरक मिळाले तर जनुकांनी मादी असलेल्या पिल्लातही वृषण तयार होतात. एकदा ते ठरले की नंतर कितीही द्या, उपयोग नाही.

हॅचरीत ९ ते ११ मिलीमीटरची, १४ च्या आतली पिल्ले चाळणीने वेगळी करतात. ४० टक्क्यांवर प्रथिनांच्या, मैद्यासारख्या चाळलेल्या खाद्यात किलोमागे ६० मिलीग्रॅम १७-अल्फा-मिथाइल टेस्टोस्टेरॉन मिसळतात. हे पाण्यात विरघळत नाही. ६ ग्रॅम एक लिटर अल्कोहोलमध्ये विरघळवले की त्या द्रावाच्या १० मिलीत ६० मिलीग्रॅम येते. तेवढा द्राव आणखी अल्कोहोलमध्ये वाढवून खाद्यावर सारखा फवारतात, सावलीत पसरून अल्कोहोलचा वास जाईपर्यंत वाळवतात आणि खाद्य थंडीत ठेवतात. उन्हात वाळवले तर संप्रेरक नष्ट होते. हे खाद्य २१ ते २८ दिवस, सुरुवातीला वजनाच्या २० ते ३० टक्के आणि पुढे कमी करत, दिवसातून चार-पाच वेळा देतात. नीट केले तर ९५ टक्क्यांवर नर मिळतात.

चुकते कुठे? वेगवेगळ्या वयाची पिल्ले एकत्र केली तर मोठी आधीच मादी झालेली असतात आणि लहान उपाशी राहतात. खाद्य कमी दिले तर मात्रा कमी जाते. पाणी गार असले की पिल्ले खात नाहीत. आणि 'जरा जास्त टाकू, पक्के होईल' असे म्हणून मात्रा फार वाढवली तर काही वेळा उलटा परिणाम होऊन माद्याच वाढतात, कारण जादा टेस्टोस्टेरॉनचे रूपांतर शरीरात इस्ट्रोजेनमध्ये होऊ शकते.

खाण्याबद्दल. औषध दिले जाते तेव्हा पिल्लू ग्रॅमभराचेही नसते. खाद्य थांबल्यावर त्याचे अंश झपाट्याने बाहेर टाकले जातात आणि मासा विक्रीला येतो पाच-सहा महिन्यांनी, वजनाने शेकडो पट वाढून. खाणाऱ्याच्या ताटात त्याचे काही मोजण्याजोगे उरत नाही. खरा धोका खाद्य कालवणाऱ्या कामगाराला आहे. हातमोजे आणि मास्क नसताना हे काम करू नये आणि गरोदर बाईने तर मुळीच नाही. हाप्यांचे पाणीही थेट ओढ्यात सोडायचे नसते, ते उथळ, वनस्पती असलेल्या तळ्यात मुरवावे लागते.

बीज घेतल्यावर खात्री करायची असेल तर ५०-६० ग्रॅमचे शंभर मासे उलटे करून पाहा. गुदद्वारामागच्या टोकावर शाईचा किंवा मिथिलीन ब्लूचा थेंब लावा. नराला त्या टोकावर एकच भोक दिसते, मादीला भोकाखेरीज आडवी चीरही दिसते. शंभरात दहा माद्या निघाल्या तर केंद्राकडे तक्रार न्यायला हरकत नाही. 'गिफ्ट' नावामुळेही गोंधळ होतो. ती फिलिपाइन्समध्ये १९८८ पासून निवड पद्धतीने पिढ्यान्पिढ्या सुधारलेली जात आहे. गिफ्ट असणे आणि सर्व नर असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, दोन्ही विचारून घ्या.

प्रश्न (फलटण, जि. सातारा) : एक विक्रेता माशांसाठी 'ग्रोथ हार्मोन'ची पावडर देतो. खाद्यात मिसळली की सहा महिन्यांत दुप्पट वजन म्हणतो. घ्यावी का? हिवाळ्यात आमच्या कटल्याची वाढ जवळजवळ थांबते.

उत्तर : बाटलीवर घटक आणि परवाना क्रमांक आहे का ते आधी वाचा. नसेल तर पुढचे वाचायची गरज नाही.

वाढीचे खरे संप्रेरक हे प्रथिन आहे. ते पीयूषिकेत बनते आणि मुख्यतः यकृताला सांगून तिथून आयजीएफ-१ नावाचा दुसरा निरोप्या सोडायला लावते. स्नायू आणि हाडे वाढतात ती त्याच्या सांगण्यावरून. प्रथिन खाल्ले की पचते. रोहू-कटल्याला तर खरे जठरही नसते, पण आतड्यातले पाचक रस तेवढेच काम करतात. मग चिलापीला खाद्यातून दिलेले नरसंप्रेरक कसे लागू पडते? ते स्टेरॉइड आहे, पचनात तुटत नाही. आता विक्रेत्याची पावडर खरोखरच वाढ दाखवत असेल तर तिच्यात स्टेरॉइड किंवा प्रतिजैविक नाही ना, ही शंका उलट अधिक घ्या. विक्रीच्या माशात ते सापडले तर माल तुमचा अडकेल, विक्रेता नाही. युरोपीय संघातही नरसंप्रेरकाला सूट आहे ती पिल्लांच्या लिंगबदलासाठी आणि पहिल्या तीन महिन्यांपुरती, वाढीसाठी नाही.

समजा खरे वाढसंप्रेरक रक्तात पोहोचवले तरी? उपाशी माशाच्या रक्तात ते आधीच जास्त असते. यकृत त्याला दाद देत नाही, आयजीएफ-१ खाली राहते आणि वाढसंप्रेरक फक्त चरबी जाळत बसते. खाद्य कमी असेल तर संप्रेरक वाढवून वाढ मिळत नाही. अमेरिकेत २०१५ मध्ये मान्यता मिळालेल्या जनुकबदल केलेल्या अटलांटिक सालमनमध्ये चिनुक सालमनचे वाढसंप्रेरकाचे जनुक घातले आहे आणि तो लवकर बाजारवजनाला येतो. पण तो जन्मापासून तसा असतो, त्याला भरपूर खाद्य आणि गार, स्वच्छ पाणी मिळते. पावडरीशी त्याचा संबंध नाही.

हिवाळ्याचे कारण वेगळे. पाणी २० अंशांच्या खाली गेले की कार्पचे पचन आणि अवटू (थायरॉइड) ग्रंथीसह सगळा कारभार मंदावतो. तेव्हा खाद्य निम्म्यावर आणा, दुपारी अकरानंतर द्या, उरलेले उचलून टाका. पावडरीचे पैसे २८ टक्के प्रथिनांच्या चांगल्या तरंगत्या खाद्यात घाला. तरीही मन मानत नसेल तर एकाच तळ्यात दोन हापे लावा, दोन्हींत सारख्या वजनाचे पन्नास पन्नास मासे, सारखे खाद्य, एकात पावडर. साठ दिवसांनी वजनकाटा लावा. बहुतेक विक्रेते ही अट ऐकूनच उठतात.

प्रश्न (मूल, जि. चंद्रपूर) : आंध्रातून वर्षभर दाटीत ठेवलेले, खुरटे बीज येते. ते ताज्या बोटुकलीपेक्षा (बोटभर पिल्लांपेक्षा) महाग आणि तरी लोक तेच घेतात. खुरटलेला मासा वाढतो कसा?

उत्तर : तो रोगाने खुरटलेला नाही, मुद्दाम थांबवलेला आहे. बोटुकली हेक्टरी दोन-तीन लाख या दाटीने आठ-दहा महिने अर्धपोटी ठेवतात. वर सांगितले तसे अर्धपोटी माशात वाढसंप्रेरक जास्त आणि यकृताची दाद कमी अशी स्थिती असते. त्याला मोकळ्या पाण्यात सोडून पोटभर खाद्य दिले की यकृत पुन्हा दाद देऊ लागते, आयजीएफ-१ एकदम वर जाते, भूकही जास्त असते आणि मासा मागची तूट भरून काढतो. शिवाय १००-१५० ग्रॅमचा मासा पाणपक्ष्याच्या किंवा मरळीच्या तोंडी सहज लागत नाही, म्हणून जगण्याचे प्रमाण चांगले.

अट एकच, पहिले सहा-आठ आठवडे खाद्यात हात आखडता घ्यायचा नाही. मालगुजारी तलावात नुसत्या शेणखतावर सोडून दिले तर ही उसळी दिसणार नाही आणि जास्तीचे पैसे गेले. घेताना डोके मोठे, धड सुरीसारखे पातळ, पाठ वाकलेली असे मासे नाकारा. ते अर्धपोटी नव्हे, उपाशी ठेवलेले असतात.

प्रश्न (कळमनुरी, जि. हिंगोली) : वजन पाहण्यासाठी दर आठवड्याला ओढजाळे लावतो. त्यानंतर दोन दिवस मासे खाद्याला येत नाहीत. हे बरोबर आहे का?

उत्तर : नाही. जाळ्यात सापडला की माशाच्या रक्तात कॉर्टिसॉल तासाभरात चढते. एकदाच असेल तर काही तासांनी, फार तर दिवसाने उतरते. दर आठवड्याला सगळ्या तळ्याला तो धक्का दिला तर भूक जाते, वाढ मंदावते, अंगावरचा चिकट थर आणि रोगप्रतिकार दोन्ही कमी होतात, आणि जाळ्यानंतर चार दिवसांनी अंगावर लाल चट्टे दिसतात ते त्यामुळेच. पंधरा दिवसांतून किंवा महिन्यातून एकदा, सकाळच्या गारव्यात, फेकजाळ्याने वीस-पंचवीस मासे घ्या. आदल्या संध्याकाळपासून खाद्य नको. वजन बादलीत पाण्यासकट करा. वाहतुकीच्या पाण्यात लिटरला दोन-तीन ग्रॅम मीठ घातले तर गोड्या पाण्यातल्या माशाचे अंगातले क्षार कमी गळतात, ताण हलका होतो.

प्रश्न (पेण, जि. रायगड) : खाडीकाठच्या आमच्या तळ्यात चार-पाच किलोचे जिताडे आहेत. त्यांना ओव्हाप्रिम देऊन बीज मिळेल का?

उत्तर : मिळणार नाही, आणि कारण मजेदार आहे. जिताडा आधी नर असतो. तीन-चार वर्षांचा होऊन नर म्हणून पिकतो आणि पुढे वजन वाढल्यावर त्याचे वृषण जाऊन गाभोळी येते. तुमच्या तळ्यातले एका वयाचे मासे बहुधा सगळे एकाच बाजूचे असतील. चिलापीत जे आपण बाहेरून करतो ते जिताड्याचे शरीर स्वतःच, टेस्टोस्टेरॉन उतरून इस्ट्रोजेन चढल्यावर, करून घेते.

दुसरी अडचण पाण्याची. अंडी टाकायला त्याला समुद्राइतके, २८ ते ३२ भाग प्रतिहजार खारे पाणी लागते. चेन्नईच्या केंद्रीय निमखारे जलजीवपालन संशोधन संस्थेने १९९७ मध्ये देशात पहिल्यांदा त्याची बंदिस्त पैदास साधली. तिथल्या रीतीत ४ ते ७ किलोच्या मादीला किलोमागे ६० ते ७० मायक्रोग्रॅम आणि नराला ३० ते ३५ मायक्रोग्रॅम एलएचआरएच-ए (जीएनआरएचच्याच कुळातले कृत्रिम संप्रेरक) टोचतात. ३० ते ३६ तासांनी अंडी येतात. पिल्लांना आधी रोटिफर, मग आर्टेमिया असे जिवंत खाद्य लागते, म्हणजे त्यांचीही शेती शेजारी करावी लागते.

तुम्ही बोटुकली विकत घ्या आणि पैसा चाळणीवर खर्च करा. जिताड्याची लहान पिल्ले एकमेकांना गिळतात. नर्सरीत दर तीन-चार दिवसांनी आकारानुसार वेगळी केली नाहीत तर हजारातले शेवटी किती उरतील हे त्यातला सर्वांत मोठा ठरवतो.

प्रश्न (डिचोली, गोवा) : कोळंबीचा डोळा कापतात म्हणे. आम्ही बाजारातून आणतो तिचाही?

उत्तर : नाही. हॅचरीतल्या मोजक्या माद्यांचाच, आणि तोही एकच. कोळंबीच्या डोळ्याच्या देठात असलेली ग्रंथी अंडी पिकू न देणारे संप्रेरक सोडते. एका बाजूचा देठ काढला की ते निम्म्यावर येते आणि मादी काही दिवसांतच पिकते. खाद्यासाठी तळ्यात वाढवलेल्या कोळंबीवर असे काही केलेले नसते. व्हनामी जातीच्या कोळंबीच्या काही हॅचऱ्या आता डोळा न कापताही पैदास करतात, त्यासाठी माद्या जास्त ठेवाव्या लागतात.